वकीलसाहेबांच्या तोंडाला लावलेला चहा

पार्सल बायकोच्या नावाचं होतं. ते मी उघडायला नको होतं, हे मला मान्य आहे. पण ते आलं माझ्या सलूनमध्ये, सकाळी, मी रिकामा बसलेला असताना आणि हातात कात्री असताना. अशा वेळी माणूस काहीतरी कापणारच. (आमचं घर सलूनच्या मागेच आहे, मधे फक्त एक पडदा. पडद्याच्या पलीकडे तिचं राज्य, अलीकडे माझं. निदान पाटीवर तरी तसंच लिहिलंय.)

पार्सल मेहुण्याने धाडलं होतं. तो जहाजावर नोकरीला आहे आणि ज्या बंदराला लागेल तिथून बहिणीला काही ना काही पाठवत असतो. मला आजवर त्याने साधा कंगवा पाठवलेला नाही. म्हणूनच खोक्यातून जे निघालं ते पाहून मला अगदी भरून आलं. जाड बुडाचा एक सुरेख वाडगा, बारीक बारीक काड्यांचा बांबूचा ब्रश, एक इवलासा वाकडा चमचा आणि एका डबीत हिरवीगार पावडर, पिठीसारखी मऊ. डबीवरची अक्षरं मी बापजन्मात पाहिली नव्हती. पण वाडगा, ब्रश आणि पावडर एकत्र दिसल्यावर माझ्यासारख्या कसलेल्या माणसाला वाचायची गरज काय? परदेशी दाढीचं सामान. मेहुण्याला इतक्या वर्षांनी भाऊजींची कदर कळली आणि संकोचापायी त्याने बहिणीच्या नावाने पार्सल केलं, असा मी अर्थ लावला.

आणि ते आलंही अगदी वेळेवर. समोर नुकतंच एक चकचकीत सलून उघडलं होतं. काचेचा दरवाजा, एसी, मागे झुकणाऱ्या खुर्च्या आणि वर मशीनची कॉफी. माझी गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडत होती. जाताना माझ्या दाराकडे न बघता, घड्याळात बघत जायची. उरले होते ते वकीलसाहेब. कोर्टातले कारकून, टायपिस्ट, साहेबांचे ज्युनियर, सगळे साहेब जिथे दाढी करतील तिथेच करणार. साहेब गेले की मला पाटी उतरवूनच ठेवावी लागणार होती. ह्या विचाराने माझी झोप उडाली होती, खोटं कशाला बोलू?

वकीलसाहेब त्याच सकाळी आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. (दाढी हे निमित्त, ते तुमच्याकडे झोपायलाच येतात, असं त्यांच्या मिसेस म्हणतात.) आज खास तुमच्यासाठी परदेशी माल आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते झोपेतच 'हं' म्हणाले.

मी अर्धी डबी वाडग्यात रिकामी केली, पाणी घातलं आणि ब्रश फिरवायला लागलो. फेस काही येईना. परदेशी माल आहे, जरा भाव खाणारच, म्हणून मी ते तसंच गालांना फासलं. वस्तरा लावला तर सरकेना. मग आणखी एक थर दिला. वस्तरा तरीही अडला, म्हणून सढळ हाताने तिसरा. एव्हाना साहेब कानापासून गळ्यापर्यंत हिरवे झाले होते आणि त्यांच्या पांढऱ्या मिशीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तो त्यांनी झोपेत चाटला. मग डोळे उघडले आणि आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

तेवढ्यात पडदा सरकवून ही बाहेर आली. पार्सल पोचलं का, म्हणून भावाचा फोन आला होता. तिने आधी फाडलेलं खोकं बघितलं, मग वाडगा, मग वकीलसाहेब.

"अहो," ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझा चहा साहेबांच्या तोंडाला का लावलाय?"

ती पावडर म्हणजे माचा होता. हिरव्या चहाच्या पानांची पूड. हिला पित्ताचा त्रास, नेहमीचा दुधाचा चहा सोडायचं ती फार दिवस घोकत होती, म्हणून भावाने हा सगळा सरंजाम पाठवला होता. हे सगळं तिने मला गिऱ्हाइकासमोरच समजावून सांगितलं.

साहेबांनी टॉवेलने तोंड पुसलं. सगळा रंग गेला, मिशी सोडून. त्या दिवशी त्यांची मोठी केस होती. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहून तब्येतीची चौकशी केली आणि आपणहून पुढची तारीख दिली, असं मला नंतर टायपिस्टकडून कळलं. (हे त्याने समोरच्या सलूनच्या दारात उभं राहून, तिथल्या कॉफीचे घुटके घेत मला ओरडून सांगितलं.) दुसऱ्या सकाळी वकीलसाहेब काचेच्या दरवाजातून आत गेले आणि त्यांच्यामागे अख्खं कोर्ट.

घरात हिने शिक्षा सुनावली. डबीत उरलेल्या पावडरीचा चहा मीच शिकायचा आणि तिला रोज सकाळी आयता हातात द्यायचा. मी आनंदाने कबूल झालो, कारण सकाळी मला दुसरं कामच उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी पावडर पातेल्यात टाकून दूध-साखर घालून खळाखळा उकळली. ती वस्तू हिने चमच्याने उचलून पाहिली आणि खिडकीतल्या कुंडीत ओतली. दुसऱ्या दिवशी नुसतं उकळतं पाणी घातलं. ते इतकं कडू झालं की तिने घोट घेतल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. (तसा तो दिवस बरा गेला.) तिसऱ्या दिवशी कडूपणा गेला, पण गुठळ्या झाल्या. त्या तिने चावून खाल्ल्या, माझ्याकडे रोखून बघत.

शेवटी मेहुण्याला फोन लावला. तो आधी पोट धरून हसला आणि मग शिकवणीला बसला. पावडर चाळून घ्यायची, चमचा-दीड चमचा, ओंजळभर नाही. पाणी उकळून जरा निवू द्यायचं. आधी थोड्याशाच पाण्यात पावडर घोटून लगदा करायचा, मग पाणी वाढवायचं आणि ब्रश भराभर पुढेमागे चालवायचा.

"आणि भाऊजी, जोर दंडाचा लावू नका. हात सैल ठेवून नुसतं मनगट चालवा."

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. थोडं पाणी, आधी लगदा, मग मनगट. अरे, दाढीचा फेस दुसरा कसा करतात? उभा जन्म मी तेच तर करत आलो होतो. पावडर दाढीची समजलो तेव्हा तिच्यात भसाभसा पाणी ओतलं, आणि चहाची कळली तेव्हा हातातली कला पडद्याबाहेर ठेवून स्वयंपाकघरात गेलो. मी वाडगा उचलला, सरळ सलूनमध्ये आलो, आरशासमोर माझ्या जागेवर उभा राहिलो आणि मनगट सोडलं.

काय फेस आला म्हणून सांगू. दाट, बारीक, वर एकही मोठा बुडबुडा नाही. हिने एक घोट घेतला, दुसरा घेतला, वाडगा रिकामा केला आणि ओठांवरचा फेसही पुसला नाही.

"मला काय पाजताय?" ती म्हणाली. "ज्यांच्या तोंडाला लावलात त्यांना पाजा."

मी लगेच दुसरा वाडगा घुसळला आणि रस्ता ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेच्या दारातून आत शिरलो. वकीलसाहेब आडव्या खुर्चीत, गालभर पांढरा साबण लावून पडले होते. आरशात मला आणि माझ्या हातातल्या वाडग्याला बघून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या वेळी प्यायचंय."

सगळ्या कात्र्या थांबल्या. साहेबांनी उठून बसत भीतभीत एक घोट घेतला. मग डोळे मिटले, पण झोपण्यासाठी नव्हे. मशीनच्या कॉफीचा त्यांचा कप शेजारी तसाच निवत राहिला आणि माझा वाडगा तळापर्यंत संपला. हे आधीच प्यायला दिलं असतं तर मी आलोच नसतो इकडे, असं ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. मी छाती काढून रस्त्याच्या मधोमध चालत घरी आलो. एका रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, तो मला सलामी वाटला.

दुसऱ्या दिवसापासून वकीलसाहेब माझ्याकडे. त्यांच्यामागे ज्युनियर, कारकून, टायपिस्ट. बाक पुरेना म्हणून पडद्यापलीकडच्या खुर्च्या बाहेर आल्या. मेहुणा डब्यांवर डबे धाडू लागला. ही गल्ल्यावर बसून पाहुण्यांचं हसून स्वागत करू लागली आणि मी आरशासमोर उभा राहून दिवसभर मनगट चालवत राहिलो. समोरच्या कॉफी मशीनवर चक्क कापड पडलं. मी जिंकलो होतो.

येणारा प्रत्येक जण गुळगुळीत दाढीने येतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले की तुम्हाला चहातून वेळ कुठे, म्हणून दाढी आम्ही समोरच उरकून येतो.

परवा ही म्हणाली की इतके लोक येतात, जरा स्वतःच्या तोंडाकडे बघा. आरशात पाहिलं तर खुंट चांगलेच वाढले होते. वस्तरा शोधला, पण तो डब्यांच्या ढिगाऱ्यात कुठे गेला ते कळेना. शेवटी दुपारची गर्दी ओसरल्यावर समोर गेलो. तिथे एक नवा कारागीर होता, तो मला ओळखत नव्हता. त्याने छान दाढी केली, मान चोळून दिली आणि कापड झटकत आपुलकीने म्हणाला,

"काका, आता समोर जाऊन हिरवा चहा घ्या. फर्मास करतो तो माणूस. आधी दाढ्या करायचा म्हणे, पण ते काही जमलं नाही त्याला."