राणेकाकूंचा बाजार

"भाव कोणाबरोबर केलंस?"

घोडपदेवच्या आमच्या चाळीत कुणाच्या हातात पिशवी दिसली की शेजारच्या राणेकाकू हेच विचारतात. काय आणलं, ताजं आहे का, ते नंतर. एकदा मी खरं सांगून बसले, की पापलेट मोबाईलवरून मागवलंय.

काकूंचं डोकंच फिरलं. "मोबाईल तुझ्याशी भांडता? तू तेका नाय म्हणाक शकतंस? मगे तो बाजार कसलो? गोडाऊन आसा तां!"

गेल्या महिन्यात पलीकडच्या टॉवरखाली मासळीचं एसी दुकान निघालं. पाटीवर 'बाजार' हा शब्द वाचून काकूंनी मला ओढतच आत नेलं. सुरमईवर किमतीचं स्टिकर होतं. काकूंनी बेधडक निम्मी किंमत सांगितली.

"आंटी, फिक्स रेट आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मग पाटी उतरव! बाजारात गिऱ्हाईकाला तोंड असतं. इथे नुसतं स्टिकर बोलतंय!"

वॉचमनने आम्हाला बाहेर काढलं. मी आठवडाभर त्या रस्त्याने गेले नाही.

त्यानंतरच्या रविवारी काकू मला खरा बाजार दाखवायला घेऊन गेल्या. कितीतरी वर्षं त्या एकाच कोळणीशी भांडतात. तिचं नाव जनाबाई. जनाबाईने बांगड्याचा भाव सांगितला. काकूंनी तो निम्म्यावर आणला. आता जुंपणार म्हणून मी बाजूला सरकले.

"घे," जनाबाई म्हणाली.

काकू भडकल्या. "घे काय? निम्म्यात? माझ्या सात पिढ्या काढायच्या सोडून घे म्हणतेस? शिळे आहेत काय?"

"ताजे हाईत गो. ने तू."

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या कपाळाला हात लावला. "अगं, भाजतंय नुसतं! एवढ्या तापात बसलीस कशाला?"

"मासळी कुनावर टाकून जाऊ?"

काकूंनी मला तापाची गोळी आणि चहा आणायला पिटाळलं. गोळी घेऊन जनाबाई मागच्या भिंतीला टेकली आणि तिथेच तिचा डोळा लागला. काकूंनी पदर खोचला आणि तिच्या जागेवर बसल्या.

एक बाई बांगड्याचा भाव पाडायला लागल्या. काकू रुपया सोडेनात. त्या बाई चिडल्या, काकू त्याहून चिडल्या. पण जनाबाई जागी होऊ नये म्हणून काकू सगळं भांडण कुजबुजत करत होत्या.