‘कसं काय?’चं अधिकृत उत्तर

पार्सल कार्यालयात धाकट्याची नोकरी कायम होण्यात एकच अडचण होती. त्याला काही विचारलं, की तो उत्तर देत असे.

धाकट्याला स्वमग्नता आहे हे आईला त्याच्या लहानपणीच कळलं होतं; कार्यालयाला कळलं ते मोठ्या साहेबांच्या भाषणानंतर. साहेबांनी हसत विचारलं, “काय, कसं झालं भाषण?”

“लांब,” धाकटा म्हणाला. “आणि मधला भाग दोनदा झाला.”

त्याच दिवशी आदेश निघाला: सामाजिक कौशल्य प्रशिक्षणात उत्तीर्ण झाल्याखेरीज सदर कर्मचाऱ्यास कायम करू नये.

“जा बाबा,” आई म्हणाली. “माझ्यामागे तुझं कोण बघणार?”

अभ्यासक्रम परदेशातून आणला होता. तिकडे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. इकडे मोठ्यांच्या डोळ्यांत बघितलं, की ‘डोळे वर करून बोलतोस?’ मग संस्कृती-अनुकूलन समिती बसली, बरीच बसली, आणि नियम सुधारून उठली: नजर भिडवावी, मात्र वरिष्ठांशी भिडवू नये; समोरची व्यक्ती वरिष्ठ आहे किंवा कसे, हे तिच्या नजरेवरून ओळखावे.

धाकट्यानं जमिनीकडे बघत नियम पाठ केला.

परीक्षेत प्रशिक्षिकाबाई गोड हसून म्हणाल्या, “घरी या हं एकदा!”

“कधी येऊ?”

बाईंचं हसू गळून पडलं. “अहो, यायचं नाही! ‘येतो की’ म्हणायचं.”

“मग बोलावलंत कशाला?”

नापास. शेरा: ‘उमेदवार बोलणे मनावर घेतो.’

मग आईनंच पदर खोचला. रोज संध्याकाळी घोकंपट्टी. “कसं काय?” – “मजेत!” “तब्येत?” – “उत्तम!” “आणि समोरचा म्हणाला, ‘बरं आहे’, तर?” – “‘वा, छान’ म्हणायचं आणि निघायचं.”

पूर्वी कुणी ‘बरं आहे’ म्हटलं, की धाकटा त्याचं तोंड निरखून म्हणे, “नाही. तुमचा आवाज बसलाय.” आणि तो खरंच बसलेला असे. ती खोड आईनं खपून खपून मोडली. पोरगा पहिल्या श्रेणीत पास झाला.

नेमणुकीचं पत्र घ्यायला जायचं, त्या सकाळी आई अंथरुणातून उठली नाही.

“आई, कसं काय?”

“बरं आहे रे.” सवयीनं निघून गेलं तोंडातून.

“वा, छान!” धाकटा शिकवल्याबरहुकूम हसला, जोडे चढवले, कडी काढली.

आईनं ते हसू बघितलं. देवा, तू दिलेलं निर्मळ लेकरू, आणि मीच त्याला हे शिकवलं! “थांब रे राजा,” ती म्हणाली. “बरं नाही मला. छातीत दुखतंय.”

या उत्तरापुढचं वाक्य अभ्यासक्रमात नव्हतं. धाकट्यानं जोडे दारातच काढले. मग परत आला, तिचं तोंड निरखून बघितलं, आणि अनवाणी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊनच आला. वेळेवर बोलावलंत, डॉक्टर म्हणाले. आई वाचली.

गैरहजेरीचं कारण कार्यालयानं विचारलं. धाकट्यानं उत्तर दिलं: “आईनं खरं सांगितलं.”

चौकशी झाली. निष्कर्ष सहानुभूतीपूर्ण होता: दोष कर्मचाऱ्याचा नसून घरच्या वातावरणाचा आहे. नेमणूक तूर्त स्थगित. आईस पुढील तुकडीत प्रवेश देण्यात यावा.

आई आता वर्गात पहिल्या बाकावर बसते. दोनदा नापास झाली आहे. प्रश्न तोच असतो, आणि ती खरं उत्तर द्यायला लागते.

असो. तुमचं कसं काय, वाचकहो?

बरं आहे?

वा, छान!