पहिल्या भावाचा टोप

भगवती देवीची शपथ घेऊन सांगतो, या हकिकतीत एक अक्षर खोटं नाही. निदान पहिल्या अर्ध्या भागात तरी नाही. (शपथ घेताना मी देवळापासून बराच लांब उभा होतो, हेही आत्ताच सांगून टाकतो.)

त्या वर्षी वैशाखात माझ्या मनानं घेतलं, की नवी छत्री घ्यावी. जुनी उघडली की मला आभाळ दिसे आणि आभाळाला माझं टक्कल. आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कची छत्री मुंबईची, वाकड्या मुठीची. ती तो खुंटीला अशी टांगे, की जाता-येता माणसानं तिला नमस्कार करावा. पण पगार बायकोच्या ताब्यात. तेव्हा माझी नजर माळ्यावरच्या जर्मनच्या टोपांकडे गेली. (अल्युमिनियमला आमच्या रत्नागिरीत जर्मन म्हणतात. जर्मनीत काय म्हणतात, कोण जाणे.) आमसुलाच्या सारानं त्यांच्या बुडांची पार चाळण झाली होती.

"मोडीत घालतो झालं," मी म्हटलं.

"माळ्यावरचे तेवढेच घाला," आमची मालन म्हणाली. ती दोन दिवस माहेरी संगमेश्वरला निघाली होती. "फडताळाकडे फिरकायचं नाही."

बाजारात मोड घेणारा भिकाजीशेट. एक टोप नमुन्याला घेऊन गेलो. त्यानं टिचकी मारून वाजवला आणि कुणी गेल्याची बातमी ऐकल्यासारखा चेहरा केला.

"साहेब, जर्मनच्या तीन प्रती. साफ पत्रा, त्याला पहिला भाव. कान, कडी, लोखंडी मेख असली की दुसरा. ओतीव कढई नि झारा, त्यांना तिसरा."

"मग हा कितवा?"

"ह्याला कान आहेत, मेखा आहेत, वर बुडाला काजळी. हा चौथा."

"चौथी प्रत कुठून आली?"

"ती गिऱ्हाईक बघून येते."

"आणि मुंबईचा भाव काय?"

"मुंबईचा भाव उतरला की तारेनं कळतो. चढला की बोटीनं येतो. बोट अजून यायचीय." मग जवळ येऊन म्हणाला, "आणि टोप असा उभा आणू नका. त्यातल्या हवेचं बोटभाडं मी का म्हणून भरू?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (असा उजेड पडला की आमच्या घरात काहीतरी फुटतं.) घरी येऊन मी घण घेतला. कान उडवले, मेखा उपटल्या, राखेनं काजळी घासली आणि एकेक टोप भाकरीसारखा चपटा केला. शेवटच्याला तर माझा असा हात बसला, की थांबवेना. एवढ्यात फडताळात पालथा घातलेला एक टोप चमकला. दोन महिने तो तिथून हलला नव्हता. वापरात नाही ती मोड, असा मी निकाल दिला. काजळीचा ठिपका नाही, जाड पत्रा! लोक रागानं बडवतात, मी हिशेबानं बडवला.

भिकाजीशेटनं पहिला भाव दिला. मी वाकड्या मुठीची छत्री घेतली आणि भर उन्हात उघडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मालन परतली. हातात माहेरचं आंब्याचं साठ, म्हणजे रस वाळवून केलेली पोळी. "यमुनाबाईंचा टोप कुठेय?"

यमुनाबाई आमची शेजारीण. नवरा धोंडू आगबोटीवर खलाशी. त्यानं तो टोप थेट आफ्रिकेतल्या दर्बानहून आणलेला. शिमग्यात त्यातून खीर आली होती. आलेलं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत, म्हणून मालन साठासाठी थांबली होती.

"आज संध्याकाळच्या बोटीनं धोंडूभावजी येतायत," ती म्हणाली. "त्यांना भात लागतो तो त्याच टोपातला. टोप गेला नाही तर यमुनाबाई विहिरीवर माझं नाव घेतील, आणि मग ह्या आळीत मला कोण हळदीकुंकवाला बोलावणार?"

मी बाजारात धावलो. "भिकाजीशेट, तो पत्रा परत द्या."

"कसा देऊ? पहिल्या प्रतीचा आहे. आत्ताच मुंबईचा भाव चढला."

"बोट आली?"

"तुमच्या तोंडावर वाचला."

उरलेली चिल्लर गेली, वर जुनी छत्री गेली. (तिच्या काड्या लोखंडी आणि गिऱ्हाईक मी, त्यामुळे भाव चौथा.) घरी आणून मी तो पत्रा पाट्यावर ठोकून पुन्हा टोप करू लागलो. त्याचं आधी कासव झालं, मग होडी.

"पुरे!" मालन कळवळली. "निदान ताट तरी राहू दे."

शेवटी तो पुन्हा सपाट करून तिनं वर साठ मांडलं, आणि धीर यावा म्हणून मी नवी छत्री हातात अडकवून ते शेजारी घेऊन गेलो. धोंडू नुकताच बोटीवरून उतरून पडवीत पाय पसरून बसला होता.

"अगो बाय, साठ!" यमुनाबाई म्हणाली. "ताट नवं वाटतं?"

"मालनच्या माहेरचं," मी म्हटलं. (माझी शपथ इथपर्यंतच होती.)

"आनि माजा टोप वो, भावजी?"

"तो... येतोय."

तिनं साठ उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, आणि साठाखालून ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचंच नाव वर आलं. घणानं ते चांगलं ऐसपैस झालं होतं.

धोंडूनं ताट उलटंसुलटं केलं. "ह्यो तर माजा दर्बानचा टोप! ह्याच्यावरनं आगबोट गेली काय?"

त्यावर यमुनाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "ऱ्हावंदे वो भावजी, साठ वाळवायला झाला!"

आता कबुली देतो. ती हसली, एवढाच भाग मी बनवला. ती हसली नाही. तिनं माझ्या हातातली छत्री काढून आपल्या खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "टोप उबा ऱ्हायला की न्या."

टोप अजून आडवाच आहे. ती छत्री घेऊन धोंडू मासळीबाजारात मिरवतो, आणि मी कचेरीत जातो ते शेतकरी लावणीला घेतात तसलं पानांचं इरलं डोक्यावर घेऊन. तिथे हेडक्लार्कच्या वाकड्या मुठीशेजारी ते ठिबकत उभं असतं. आमचे मोठे साहेब जाता-येता छत्री सोडून त्यालाच नमस्कार करतात.