काचघरातलं शून्य

"दोन ओळींचं काम आहे, दोन ओळींचं!" सर्वज्ञ म्हणाला. हातातला घास तसाच अधांतरी धरून त्याने सासरच्या मंडळींवरून अशी नजर फिरवली, की जणू त्या दोन ओळी आत्ताच त्याच्या बोटांतून ताटात सांडणार आहेत. "गुरुवारी अकरा वाजता संचालकसाहेब पान उघडतील आणि काचघराचं तापमान पडद्यावर हजर! नाही झालं तर नाव बदलीन."

नाव बदलायची तशी गरज नव्हती. सर्वज्ञ हे त्याचं खरं नाव नव्हतंच. सार्वजनिक बागेच्या काचघरातले पंखे, हीटर आणि पाण्याचा पंप सांभाळणारा तो कंत्राटी तंत्रज्ञ. त्याला ठाऊक नाही अशी गोष्ट जगात अजून जन्माला यायची होती, म्हणून बागेतल्या माणसांनी हे नाव त्याच्या पाठीमागे ठेवलं. पुढे ते तोंडावरही म्हणू लागले, आणि याला ते कौतुक वाटलं! अशा माणसाला टोमणा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणं.

पण गुरुवारची गोष्ट गमतीची नव्हती. सहा वर्षं झाली, दर अकरा महिन्यांनी त्याला कंत्राटाचं नवं पत्र मिळायचं, आणि दर दहाव्या महिन्यात त्याची झोप उडायची. आता तांत्रिक पर्यवेक्षकाची एक कायम जागा निघाली होती. काचघरातल्या एका कंदाला अकरा वर्षांनी कळी आली होती. पुरुषभर उंच, गच्च मिटलेली, रुसलेल्या आत्याबाईसारखी. लोकांना घरबसल्या त्या कळीचा फोटो आणि शेजारी काचघराचं तापमान दिसावं, अशी संचालकसाहेबांची हौस. ती पुरली तर सर्वज्ञ कायम. नाहीतर पुढचं पत्र येईलच असं नाही.

इंटरनेटवरचं ते पान बनवत होता त्याचा मेहुणा, मुख्य कार्यालयाच्या प्रसिद्धी विभागात. तो समोरच जेवत होता.

"भाऊजी, एक अडचण येईल हं," मेहुणा म्हणाला. "पान आमच्या पत्त्यावर, तुमचा सेन्सर बागेच्या पत्त्यावर. एका पत्त्यावरचं पान दुसऱ्या पत्त्यावरची माहिती वाचायला गेलं की ब्राउझर अडवतो. तुमच्या बाजूने परवानगी लागते."

"ब्राउझर मला अडवणार?"

"तुम्हाला नाही, पानाला."

"अहो, तो सांगतोय ते ऐकून घ्या की," बायको म्हणाली.

"तो कालपर्यंत शाळेत जायचा!" सर्वज्ञ म्हणाला आणि अधांतरी घास एकदाचा तोंडात गेला. मेहुण्याच्या पोरीचं बारसं होऊन वर्ष झालं होतं, पण ते असो.

सोमवारी सकाळी सर्वज्ञाने सेन्सरची छोटी पेटी काचघरात कळीपाशी खुंटीला टांगली, वायर जोडली आणि मेहुण्याला फोन लावला. "बघ! दिसलं?"

"नाही भाऊजी. तापमानाचा गोल दिसतोय, आत नुसती आडवी रेघ. माहिती दारापर्यंत येते, पण ब्राउझर आत घेत नाही. तुमच्याकडून लेखी परवानगी आली पाहिजे. उत्तरासोबत लिहून पाठवायचं, की या पत्त्याला वाचायला हरकत नाही."

आता इथे शहाणा माणूस विचारता, की बाबा रे, कुठे लिहायचं? पण विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही असं कबूल करणं, आणि ते सर्वज्ञाच्या कुंडलीत नव्हतं. "एवढंच ना? आत्ता देतो!" म्हणून त्याने फोन ठेवला आणि तडक हेडक्लार्कचं टेबल गाठलं.

हेडक्लार्क म्हणजे बागेतलं सर्वांत जुनं झाड. पानं झडलेलं, पण मुळं सगळ्या फायलींत गेलेली. "प्रसिद्धी विभागाला तापमान वाचायला ना हरकत पाहिजे?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आजवर कुणी मागितली नव्हती. पण द्यायला हरकत नाही. अर्ज करा."

अर्ज झाला. टिप्पणी झाली. अधीक्षक रजेवर, म्हणून प्रभारींची सही झाली. मंगळवारी दुपारी जावक क्रमांकासह पत्र हातात पडलं. सर्वज्ञाने ते अक्षरन् अक्षर टाइप केलं आणि सेन्सर जी माहिती पाठवतो तिच्या डोक्यावर चिकटवलं. महोदय, विषय, संदर्भ, आपला विश्वासू, आणि त्याच्या पायाशी बिचारं तापमान!

पाच मिनिटांत मेहुण्याचा फोन. "भाऊजी, हे काय पाठवलंत?"

"परवानगी. जावक क्रमांकासकट!"

पलीकडे खोकला आल्यासारखं काहीतरी झालं. "भाऊजी, परवानगी पाकिटावर लिहायची असते. तुम्ही ती आतल्या चिठ्ठीत लिहिलीत. आणि चिठ्ठीत एका ठरावीक मांडणीशिवाय एक अक्षर चालत नाही. जेसन म्हणतात तिला. महिरपी कंस, नाव, आकडा, मध्ये स्वल्पविराम, बस्स. त्यात 'आपला विश्वासू' बसत नाही हो!"

"मग तसं सांगायचं!"

"आणि शेवटच्या आकड्यानंतरही स्वल्पविराम आहे. तो काढा, नाहीतर सगळी चिठ्ठी बाद."

"तो मुद्दाम ठेवलाय. उद्या आणखी आकडे यायचे झाले तर जागा नको?"

"ही काय लग्नाची पंगत आहे का, भाऊजी, पाट मांडून ठेवायला?"

सर्वज्ञाने स्वल्पविराम काढला. पण काढताना असा चेहरा केला, की जणू मेहुण्याच्या हट्टापायी घराची खिडकी बुजवतोय. मग पाकिटावर परवानगी लिहायची वेळ आली. तिथे मेहुण्याने पुन्हा बजावलं, "फक्त आमचाच पत्ता लिहा. पत्त्याच्या जागी नुसती ताऱ्याची खूण टाकलीत, तर कुणाच्याही पानाला वाचता येईल."

"येऊ दे की! मी काय कंजूष आहे?" सर्वज्ञाने ठसठशीत तारा टाकला. जगातल्या तमाम पानांना काचघराचं दार सताड उघडं!

बुधवारी गोलात आकडा उमटला. एकोणतीस. सर्वज्ञाने बायकोला फोन केला, हेडक्लार्कला खुर्चीतून उठवून दाखवलं, आणि काचघरातल्या माळीणबाईंनाही बोलावलं. माळीणबाई कळीला पाणी घालत होत्या. त्यांचं पाणी घालणं आणि ओवी गाणं एकाच पाइपमधून यायचं.

"काचेच्या घरात, टांगली ग पेटी,
झाडांची विचारपूस, करी लोखंडाची बेटी!"

"बाई, पेटी प्लास्टिकची आहे," सर्वज्ञ म्हणाला.

"ओवीत बसत नाही," माळीणबाई म्हणाल्या आणि पाइपचा फवारा पेटीवरून फिरला.

गोलातला एकोणतीस गेला. पुन्हा आडवी रेघ!

सर्वज्ञाने शोध घेतला. सेन्सर भिजला की त्याला तापमान कळत नाही, आणि तो आकड्याच्या जागी लिहितो, की 'हा आकडा नाही'. प्रामाणिक बिचारा. पण जेसनच्या मांडणीत असली कबुली चालत नाही, म्हणून सगळी चिठ्ठीच बाद. मेहुणा म्हणाला, "तिथे 'रिकामं' असं लिहा. त्याला शब्द आहे. मी पानावर 'माहिती नाही' असं दाखवीन."

माहिती नाही! आणि ती सर्वज्ञाच्या सेन्सरला! संचालकसाहेबांसमोर! काहीतरी आकडा हवा, बिनचूक, मांडणीत बसणारा, कुणी नाव ठेवणार नाही असा. त्याला झटक्यात सुचला. जिथे आकडा नाही, तिथे शून्य. चिठ्ठी पुन्हा वैध झाली. स्वतःच्या बुद्धीपुढे त्याने मनातल्या मनात हात जोडले.

गुरुवार उजाडला. मुख्य कार्यालयाच्या हॉलमध्ये मोठा पडदा, पुढच्या रांगेत संचालकसाहेब, त्यांच्या मागे मेहुणा लॅपटॉप घेऊन, आणि बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेला सर्वज्ञ. अकराला पान उघडलं. कळीचा फोटो झळकला. शेजारी आकडा. एकोणतीस! टाळ्या पडल्या.

नेमक्या त्याच वेळी तिकडे काचघरात माळीणबाईंनी पाइप उचलला. त्यांच्या पाण्याची वेळ अकराची, आणि ती कुठल्याही संचालकासाठी बदलत नसे.

पडद्यावर एकोणतीसचं शून्य झालं.

"शून्य?" संचालकसाहेब अर्धवट उठले. "काचघर गोठतंय? अकरा वर्षांची कळी आहे ती!"

मेहुण्याने सर्वज्ञाकडे पाहिलं. सर्वज्ञाला सगळं ठाऊक होतं. 'साहेब, सेन्सर भिजलाय, शून्य मीच घातलंय,' एवढं म्हटलं की खेळ संपत होता. पण खेळाबरोबर जागाही संपली असती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट खरोखर ठाऊक होती, आणि नेमकी तेव्हाच त्याची वाचा बसली.

साहेबांनी स्वतः काचघरात फोन लावला. "बाई, हीटर सुरू करा! सगळे!"

"साहेब, इथं घामाच्या धारा लागल्यात."

"इथे शून्य दिसतंय!"

"तिथं दिसत असेल. मी इथं आहे."

"मी संचालक आहे का तुम्ही?"

माळीणबाईंनी एकामागून एक सगळे हीटर लावले. फोन स्पीकरवर चालूच होता. त्यातून हॉलभर आवाज आला:

"आत पेटली भट्टी, बाहेर म्हणे गार,
शहाण्यांच्या राज्यात, थंडी पडली फार!"

"शून्यच आहे अजून," साहेब घाम पुसत म्हणाले. "आणखी वाढवा!"

इतक्यात हेडक्लार्कचा फोन. बागेच्या फाटकाशी गर्दी जमलीय! सकाळी बागेत फिरणाऱ्या निवृत्त मंडळींचं स्वतःचं एक पान होतं, आणि एका उत्साही मास्तरांनी बुधवारीच काचघराचा आकडा त्यावर आणून बसवला होता. ताऱ्याची कृपा! साठ घरांत एकदम शून्य दिसलं. तीन आठवडे रोज कळीची चौकशी करणारी ती साठ माणसं कपाटातल्या रजया, शाली, घोंगड्या घेऊन कळीला वाचवायला निघाली.

साहेब, मेहुणा आणि सर्वज्ञ गाडीतून बागेत पोचले, तेव्हा काचघराच्या काचांवरून पाणी निथळत होतं. आत साठ म्हातारे-म्हाताऱ्या रजया छातीशी धरून उभ्या होत्या आणि वितळत होत्या.

"केवढी थंडी!" एक आजोबा म्हणाले. त्यांच्या नाकावरून घाम टपटपत होता. पण फोनमध्ये शून्य होतं, आणि फोन खोटं कसं बोलेल?

एका आजींना पेटीची दया आली. "अगं बाई, लेकरू ओलंचिंब झालंय!" म्हणत त्यांनी शालीच्या पदराने सेन्सर हळुवार पुसला.

साठ फोनांवर शून्याचं सेहेचाळीस झालं.

"वाहवा!" साहेब ओरडले. "एका झटक्यात सेहेचाळीस! हीटर काय जोरदार आहेत!" मग तोंड उघडं ठेवूनच ते थांबले. त्यांनी गळ्यावरचा घाम पुसला, हाताकडे पाहिलं, आणि हळूहळू सर्वज्ञाकडे वळले.

ते काही बोलणार, तोच कळी हलली.

अकरा वर्षं मातीत निजलेली ती, तीन आठवडे कुणाला दाद न देणारी. त्या भट्टीत तिचा रुसवा गेला. एक कड सुटली, मग दुसरी. आतून सांजेच्या ढगासारखा गडद जांभळा रंग वर आला आणि साठ घामेजलेले चेहरे एकदम लहान मुलांचे झाले. माळीणबाईंनी पाइप खाली ठेवला. कुणी श्वास घेतला नाही.

मग घेतला. आणि सगळ्यांना एकदमच कळलं, की या फुलाचा वास मेलेल्या उंदरासारखा असतो! रजया नाकाला गेल्या. काचघर दोन मिनिटांत रिकामं झालं. आजोबा मंडळी मात्र बाहेर हिरवळीवर पडल्या पडल्या फोटो पाहत होती आणि एकमेकांना सांगत होती, की असं काही जन्मात पाहिलं नाही.

साहेब बाकावर बसले. "शून्य कुठून आलं?"

सर्वज्ञाने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा झाडांकडे पाहत होता.

"साहेब, भिजला की त्याला आकडा कळत नाही. म्हणून मी... पण मांडणी शंभर टक्के वैध होती!"

साहेबांनी डोळे मिटले. ओरडावं, तर साठ माणसं त्यांचे आभार मानायला हिरवळीवरून उठून रांग लावत होती. "पेटी दुसरीकडे हलवा," ते एवढंच म्हणाले.

"जमणार नाही," मागून हेडक्लार्क म्हणाले. "तिची जागा मंजूर नकाशात दाखवलीय. नकाशा बदलायला सात महिने."

"मग पाण्याची वेळ बदला."

"माझी?" माळीणबाई म्हणाल्या. साहेबांनी तो विषय तिथेच सोडला.

शुक्रवारी आदेश निघाला. सर्वज्ञ कायम झाला! तांत्रिक पर्यवेक्षक, जावक क्रमांकासह. घरी आल्यावर बायकोने कागद दोन्ही हातांनी धरून ओवाळल्यासारखा फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. "झाली बाई एकदाची काळजी दूर! अहो, आणि काम काय असणार आता?"

"हवामानाशी संबंधित," सर्वज्ञ म्हणाला आणि कागद परत घ्यायला त्याने घाईने हात पुढे केला.

पण ती वाचायला लागली होती. "कामाचं स्वरूप," तिने मोठ्याने वाचलं, "दररोज सकाळी अकरा ते साडेअकरा, माळीणबाई पाणी घालत असताना, सेन्सरवर छत्री धरणे."