बरणीतून बेपत्ता

बरणीतला दोरा सोमवारी किंचित डावीकडे वळला होता. टोकाला वजन नसलेला दोरा असाच राहतो. शुक्रवारी त्याच टोकाला चिंचोक्याएवढा मिठाचा खडा होता. माझ्या सातवीच्या मुलांनी पाण्यात आणखी मीठ विरघळेनासं होईपर्यंत ते ढवळलं होतं आणि त्यात दोरा टांगून हा खडा वाढवला होता. तो पाहून मोठ्या बाई ठरवणार होत्या, शनिवारचा प्रयोगांचा तास ठेवायचा की तिथे गणिताची उजळणी घ्यायची. जूनपासून त्या नुसतं "बघू" म्हणत होत्या.

"कोनी हात लावू नका," दारातून आवाज आला. "तपास सुरू झालाय."

हे आमचे रखवालदार तात्या. पूर्वी तारापूरच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला होते. "माझ्या नजरेतून कधी टँकर सुटला नाय, खडा काय सुटतोय? आख्ख्या पालघर जिल्ह्यात असं नाक नाय," ते म्हणाले आणि शिंकले.

पहिला संशय मुंग्यांवर.

"मुंग्या मिठाच्या वाटेला जात नाहीत, तात्या," मी म्हणाले.

"बीपी असंल त्यांना."

मग बकरी. खिडकीला जाळी आहे, हे मी दाखवलं. तात्यांनी विचार केला. "बारीक बकरी."

शेवटी त्यांनी वर्गातल्या, कोळीवाड्यात राहणाऱ्या भावनाकडे बोट केलं. "हिच्या घरी मासळी खारवतात."

"एवढ्याशा मिठात मांदेलीचं डोकंपन खारवायचं नाय, तात्या," भावना म्हणाली.

खडा बघायला आलेल्या मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

वर्गातली चिमी बरणीशी वाकली होती. "बाई, पानी रोज कमी व्हतं ना? मग आपण शुक्रवारी मारलेल्या लाल रेघेच्या वर कसं आलं?"

तात्यांनी टोपी सरळ केली. "ते मी भरलं शनिवारी. लेव्हल रेघेखाली गेली की भरायची, आमच्या कंपनीत नियमच व्हता. बोटभर जास्त भरलं. सेफ्टी."

"नळाचं?" चिमीनं विचारलं.

"मग काय मिनरल?"

"नव्या पान्याला मीठ पायजे व्हतं," चिमी म्हणाली. "त्यानं खडा विरघळवला."

"म्हंजी मीठ हितंच हाय," भावना म्हणाली. "चोरीच नाय झाली."

"आरोपी मीच पकडून दिला, हे ध्यानात ठेवा," तात्या म्हणाले.

मोठ्या बाईंनी बरणी उजेडात धरली. "खडा परत मिळेल?"

"पानी उडून जाऊ द्या, मिळंल. फक्त तात्यांना लांब ठेवा," चिमी म्हणाली.

मोठ्या बाईंनी बरणी जपून खाली ठेवली.

"शनिवारचा तास राहील," त्या म्हणाल्या. "आणि तात्या, तुम्ही पहिल्या बाकावर बसायचं."