अध्यक्षांची माटोळी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, गणपतीशपथ. म्हणजे शपथ खरी आहे. गोष्ट मी थोडी फुगवून सांगतो, कारण आमच्याकडे लहान गोष्ट ऐकायला कोणी बसत नाही.

राज्यात कायदा आला. बाहेरून घुसलेल्या झाडाझुडपांना आवर घालायचा, त्यासाठी निधी द्यायचा आणि गावोगावी समिती नेमायची. इब्रामपुरात सभेला जो गैरहजर, तो अध्यक्ष. त्या दिवशी किराणा दुकानदार कृष्णनाथ म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात होता. बसमधून उतरला तो अध्यक्ष होऊनच.

त्याने पद मनावर घेतलं. जलपर्णी तळी कशी गिळते यावर तो शाळेत बोलला, देवळात बोलला (एकदा बारशातही). समितीच्या पोस्टरवर जलपर्णीचा फोटो होता, पण झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्यामुळे नुसता काळा डाग दिसायचा. "हा डाग कुठे दिसला तर लगेच मला कळवा," असं तो बजावायचा.

मग चवथ आली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळंफुलं बांधतात, ती माटोळी. तिची तालुक्यात स्पर्धा असते. वस्तू जितकी दुर्मिळ तितके गुण जास्त. ढाल दरवर्षी शेजारच्या देवकीकडे.

"यंदा ढाल आपल्याकडे आली नाही," कृष्णनाथची बायको विमला म्हणाली, "तर वर्षभर तुमच्या चहात साखर नाही."

आता रानात शिरायचं तर कृष्णनाथचे गुडघे दुखतात. म्हापशाहून येताना त्याला एका डबक्यात जांभळी फुलं दिसली. देठ फुगीर, पानं चकचकीत. असलं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. रोप पिशवीत घालून तो घरी आला. ते कोमेजू नये म्हणून विमलाने करवंटीत पाणी घालून त्यात मुळं सोडली आणि माटोळीच्या मधोमध टांगलं.

सकाळी करवंटी दिसेना. संध्याकाळी नारळ दिसेनात. मग गणपतीचं दर्शन घ्यायला पानं बाजूला सारावी लागली.

देवकी डोकावली. "वैनी, ह्यां काय गे?"

"रानातलां. आमच्या ह्यांनी हाडलां."

"रानात माझो जल्म गेलो, माका नाय कधी गावलां!" म्हणत देवकी तोंड पाडून गेली.

परीक्षक म्हणून अश्विनी मॅडम आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आणि तालुक्यात त्या नव्या कायद्याचं कामही त्यांच्याचकडे. त्यांनी वर बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"ही जलपर्णी घरात कोणी आणली?"

"अध्यक्षांनी," विमला अभिमानाने म्हणाली.

कृष्णनाथने समईची वात सारखी करायला घेतली. ती सारखीच होती.

"आत्ताच्या आत्ता उतरवा."

"बाप्पा बसलेत, बाई. विसर्जनाआधी माटोळी सोडत नाहीत."

"कायदा आहे."

"माटोळी त्याच्या आधीची आहे."

मॅडमच्या घरीही गणपती होता, त्यामुळे त्यांनी हट्ट सोडला. शेवटी ठरलं की रोप विसर्जनापर्यंत राहील, पण त्याचं पान बाहेर जाऊ नये म्हणून समितीतला जबाबदार माणूस खाली बसेल. तसा माणूस समितीत कोणी नव्हता, म्हणून अध्यक्ष बसले. कृष्णनाथ डोक्यावर मच्छरदाणी पसरून गणपतीशेजारी बसून राहिला. आरतीला आलेले लोक घाईत त्याच्याही पाया पडत. विसर्जनाला सगळं गाव वाजतगाजत नदीवर गेलं. हा घरी पानं वेचून खड्ड्यात पुरत होता.

पण नियम म्हणजे नियम. तालुक्यात आधी कधीच न सापडलेली वस्तू, म्हणून मॅडमना दातओठ खात पूर्ण गुण द्यावे लागले. ढाल विमलाला मिळाली, कृष्णनाथला साखर. आणि निधीतून गावाचा पहिला खर्च झाला तो अध्यक्षांसाठी जलपर्णीचा रंगीत फोटो काढण्यावर.

आता कबूल करतो. कायदा आणि निधी मी रचला. रोपही वाढलं, पण इतकं नाही. फोटो मात्र खरा आहे. विमलाने तो दाराला आतून चिकटवलाय आणि नवरा बाजाराला निघाला की ती त्याला फोटोपुढे उभं करून विचारते, "हे काय?"

गेल्या शुक्रवारचं त्याचं उत्तर मी रचलेलं नाही.

"अळू," तो म्हणाला.