विनायकगुरुजींचा मुका शिष्य

सकाळी साडेसहाच्या सुमारास काशीतल्या मंगलागौरीच्या गल्लीतून जाणाऱ्या माणसाला एका वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खणखणीत आवाज ऐकू येत असे : "कॉपी तिथी, तिथी कॉपी, कॉपी तिथी!" नवखा माणूस थबके. गल्लीच्या तोंडाशी पानाची गादी मांडून बसणारे पांडेजी त्याला समजावीत, "घबराइए मत. गुरुजी कंप्यूटरवा के बेद पढ़ावत हउवन."

पांडेजींचे विधान अक्षरशः खरे होते. विनायकगुरुजी वैदिक होते, आणि ऋग्वेद त्यांना जटापाठासह येत असे. जटापाठ म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. दोन पदे घ्यावयाची. आधी सुलट म्हणायची, मग उलट, मग पुन्हा सुलट. वेणीसारखी ती एकमेकांत गुंफली जातात आणि निसटत नाहीत. "जटेत घातलं की जात नाही, मास्तर," असे गुरुजी मला सांगत. त्यांच्या घरी संगणक आला तेव्हा डॉसच्या सर्व आज्ञा त्यांनी याच पद्धतीने जटेत घातल्या. पाच आठवडे लागले. त्यानंतर कोणतीही आज्ञा विचारा, गुरुजी डोळे मिटून ती सुलट, उलट, सुलट म्हणत आणि शेवटी मांडीवर थाप मारीत : "पाठ आहे ना? मग बात खतम!"

संगणक त्यांच्या घरी आला तो दानात. पुण्याचे एक यजमान वडिलांचे क्रियाकर्म करण्यासाठी काशीला आले होते आणि त्यांचा धंदा संगणकांचा होता. गोदानाची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, गाय तुम्ही या तिसऱ्या मजल्यावर बांधणार कुठे? त्याऐवजी एक यंत्र देतो." गुरुजींनी क्षणभर विचार केला, संकल्पात गाईच्या जागी यंत्र घातले आणि यंत्राच्या पुढच्या बाजूस हळदकुंकू लावून ते स्वीकारले. त्या हळदीचा डाग फ्लॉपीच्या खाचेवर अखेरपर्यंत होता.

या यंत्राचे करायचे काय, हा प्रश्न गुरुजींना पडला नाही. काशीतल्या मराठी घरांच्या श्राद्धतिथी सांभाळणे, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेले होते. रोज संध्याकाळी ते मंगलागौरीपासून रामघाटापर्यंत फिरत आणि ज्या घरी दुसऱ्या दिवशी तिथी असेल त्या घराखाली उभे राहून हाक देत : "अहो सुधाताई, उद्या नवमी! सासूबाईंची! खिरीला दूध सांगितलंत का?" सुधाताई वरून म्हणत, "अगबाई, विसरलेच होते गुरुजी!" गुरुजी म्हणत, "तुम्ही विसरा. मी आहे ना लक्षात ठेवायला."

एकदा मी त्यांना विचारले, "तुम्हाला सगळ्या तिथी तोंडपाठ आहेत. मग त्या यंत्रात कशाला घालता?"

"त्याला शिकवतोय," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "शिष्य आहे माझा. पाठशाळेतली पोरं आता बँकेच्या परीक्षा देतात. हा कुठे जात नाही, आणि संथा एकदा दिली की विसरत नाही."

मी शाळेत गणित शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणकाचा एक वर्ग केला होता. तेवढ्या भांडवलावर गल्लीत मी तज्ज्ञ ठरलो होतो. त्यामुळे तेच यजमान तीन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा काशीला आले, गुरुजींचे जुने यंत्र उचलून त्यांनी विंडोज घातलेले नवे यंत्र ठेवले आणि जुन्या फायली त्यात उतरवून दिल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला बोलावणे आले.

गुरुजी पाटावर बसले होते. समोर निळसर पडदा, त्यावर छोटी छोटी चित्रे. गुरुजींचा चेहरा वर्गात परकी भाषा बोलणारा मुलगा आल्यासारखा झाला होता.

"मास्तर, यजमान जाताना काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, गुरुजी, आता काहीही पाठ करावं लागणार नाही!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, साठ वर्षं मी दुसरं केलं काय? जुना शिष्य म्हटलेलं ऐकत होता. हा मुका आहे. याला फक्त बोट दाखवायचं!"

मी शिकवणी सुरू केली. प्रथम उंदीर. तो हातात धरून सरकवावयाचा, हे त्यांनी मान्य केले. परंतु एखादे चित्र उघडण्यासाठी दोनदा दाबावे लागते, हे त्यांना मुळीच पटले नाही.

"दोनदा? आचमन तीनदा, शांतिः तीनदा. दोनदा काय होतं?"

"फाइल उघडते, गुरुजी."

"तीनदा दाबू. अधिकस्य अधिकं फलम्."

ते तीनदाच दाबीत. पहिल्या दोन दाबांनी फाइल उघडे आणि तिसरा दाब आतल्या कुठल्या तरी यजमानावर पडे. वाळूच्या घड्याळाचे चित्र आले की मात्र गुरुजी अत्यंत प्रसन्न होत. त्याला घटिकापात्राचा मान देऊन ते हात जोडीत आणि घड्याळ जाईपर्यंत गायत्री म्हणत. यंत्र संथ होते, त्यामुळे त्यांचा जप त्या महिन्यात बराच वाढला.

यंत्र बंद करण्यासाठी 'स्टार्ट' दाबावे लागते, हे सांगताना मी स्वतःच संकोचलो होतो. गुरुजींनी मात्र ते ऐकून मांडीवर थाप मारली. "एकदम पक्कं! शेवट करायचा तर प्रारंभापाशी जायचं. मास्तर, हे यंत्र लिहिणारा कधीतरी काशीला येऊन गेलेला आहे."

हे कौतुक पाच मिनिटेही टिकले नाही, कारण त्यानंतर मी त्यांना पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली दाखवली. "चुकून काढून टाकलेली फाइल नष्ट होत नाही," मी फळ्यावर लिहावे तशा स्पष्टपणे म्हणालो. "ती येथे राहते आणि परत आणता येते."

गुरुजी उठून उभे राहिले. "परत येते? म्हणजे पुनर्जन्म?"

"एका अर्थाने."

"काशीत?" त्यांचा आवाज गल्लीत गेला असावा, कारण खाली पांडेजींचा अडकित्ता थांबला. "मास्तर, या नगरीत गेलेला जीव परत येत नाही म्हणून माणसं मरायला इथे येतात. आणि माझ्याच घरात, मंगलागौरीच्या दाराशी, ही योनीत अडकवणारी टोपली? ती रिकामी कशी करायची ते आधी शिकवा."

मी शिकवले. शिक्षक म्हणून माझी ही पहिली चूक. गुरुजी रोज संध्याकाळी तिथीची हाक देण्यास निघण्यापूर्वी टोपली रिकामी करीत आणि "मुक्त!" असे म्हणत. यंत्र इंग्रजीत काही विचारू लागले, तर कोणतीही शंका न घेता 'होय' दाबीत. यजमानाने विचारल्यावर तथास्तु म्हणण्याची त्यांना सवयच होती.

दुसरी चूक मला कळलीही नाही. उंदराला दोन बटणे असतात. डावे नेहमीच्या कामाचे, उजवे विशेष कामाचे, एवढेच मी सांगितले होते. आता, देवकार्यात जानवे डाव्या खांद्यावर असते, ते सव्य. पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर घ्यावयाचे, ते अपसव्य. हे गुरुजींच्या हाडांत मुरलेले. त्यामुळे त्यांनी परस्पर निर्णय केला की देवाधर्माच्या फायलींना डावे बटण आणि पितरांच्या फायलींना उजवे. त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष होते. परंतु उजवे बटण दाबले की आज्ञांची एक यादी उलगडते, आणि त्या यादीत 'काढून टाका' ही आज्ञाही असते.

पितृपक्षाला चार दिवस होते. शाळेतून येऊन मी चहा घेत होतो, तोच पांडेजींची हाक आली : "मास्टर साहब, जल्दी जाइए! गुरुजी चुप हो गए हैं!"

गुरुजी गप्प होणे ही गल्लीत आगीइतकीच मोठी बातमी होती. मी तीन जिने धावत चढलो. गुरुजी यंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

त्यांच्या यंत्रात तिथींच्या तीन फायली होत्या : 'मंगलागौरी', 'रामघाट' आणि 'इतर'. पहिल्या दोन मी पाहिल्या होत्या. तिसरी त्यांनी मला कधी उघडू दिली नव्हती. तीच गेली होती.

"अपसव्य केलं," ते म्हणाले. "यादी उलगडली. त्याने काही विचारलं, मी होय म्हटलं. मग रोजच्यासारखी टोपली रिकामी केली. 'मुक्त' म्हटलं. आणि मग पाहिलं."

"जुनी फ्लॉपी?"

"ती श्रावणात माकडाने नेली नाही का! दातांनी तपासली आणि गंगार्पण केली." ही गोष्ट त्यांनी आधी मला पाच वेळा हसत सांगितली होती. या वेळी हसले नाहीत. डॉसमध्ये ते रोज सकाळी आज्ञा म्हणून फ्लॉपीवर प्रत काढीत. नव्या यंत्रात प्रत कशी काढावी हे मी त्यांना शिकवलेच नव्हते. ही तिसरी चूक, आणि तीही माझीच.

"पण गुरुजी, तुम्हाला ती पाठ आहे ना? मग बात खतम!" मी त्यांचेच वाक्य त्यांना दिले.

"मला पाठ आहे," ते म्हणाले. "माझं पाठांतर माझ्याबरोबर मणिकर्णिकेला जाणार, मास्तर. म्हणून तर त्याला दिली होती."

गुरुजी एका बोटाने टंकत असत. चार दिवसांत ते काम होणे शक्य नव्हते. मी दुसरा पाट ओढला. "तुम्ही म्हणा. मी टंकतो."

त्यांनी डोळे मिटले आणि संथा देऊ लागले.

"एक. दुर्गाबाई. कौंडिण्य गोत्र. कार्तिक वद्य पंचमी. काशीवासाला आल्या, एकवीस वर्षं राहिल्या, गावाकडून कुणी आलं नाही. लिंबाचं लोणचं उत्तम. लोणचं टंकू नका. दोन. बंडूनाना. भारद्वाज. माघ शुद्ध द्वितीया. महाखत्रूड माणूस. मला भर घाटावर गाढव म्हणाले होते."

"हे टंकायचं?"

"नको. मी पाणी देताना म्हणतो, नाना, गाढव आला."

मी हसलो, तेही हसले. खाली अडकित्ता पुन्हा सुरू झाला. नावे येत गेली. रेल्वेतले एक निवृत्त साहेब, ज्यांचा मुलगा परदेशातून पत्रही पाठवीत नसे. एक शिक्षिका, अविवाहित. बारावे नाव सांगताना गुरुजी अडखळले.

"बारा. नाव ठाऊक नाही. गोत्र ठाऊक नाही, म्हणून काश्यप. रामघाटाच्या पायरीवर पडला होता. 'पाणी द्या हो' म्हणाला, मराठीत. तेवढंच म्हणाला. ज्येष्ठ वद्य दशमी."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की प्रत्येक नावापुढे चार रकाने होते : नाव, गोत्र, तिथी आणि श्राद्ध करणारा. पहिल्या दोन फायलींत चौथ्या रकान्यात मुलांची, पुतण्यांची नावे होती. येथे मी प्रत्येक ओळीत एकच नाव टंकत होतो : विनायक. ज्यांच्या घराखाली उभे राहून हाक देण्यासारखे कोणीच उरले नव्हते, त्यांची ही यादी होती.

काम दोन दिवस चालले. बेचाळीस नावे झाली. मी बोटे मोडली आणि विचारले, "संपली?"

"एक राहिलं." गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. "त्रेचाळीस. विनायक नारायण. वसिष्ठ गोत्र. तिथी रिकामी सोडा."

मी टंकले.

"करणारा," ते म्हणाले आणि थांबले. आयुष्यात प्रथमच मी त्यांना पुढचे पद विसरल्यासारखे पाहिले. त्यांची पत्नी जाऊन अकरा वर्षे झाली होती, मूल नव्हते. "तोही रिकामा सोडा. नव्या शिष्याला हात नाहीत."

तो रकाना मी रिकामा सोडला नाही. वर्गातल्या मुलाने फळ्यावर अपुरे सोडलेले गणित मी कधी तसे राहू देत नाही. त्यात मी लिहिले : वसंत. ते माझे नाव. मग मी त्यांना पडद्याकडे पाहावयास सांगितले आणि जरा घाईने म्हणालो, "या खिडक्यांच्या विद्येत मी तुमचा गुरू. गुरूने शिष्याला पाणी दिलं तर चालतं का, एवढं सांगा."

"चालतं का म्हणजे?" गुरुजी एकदम तडकले. "महालयात गुरू, शिष्य, आप्त, मित्र, सगळे येतात! इतकी वर्षं काशीत राहून एवढंही ठाऊक नाही तुम्हाला, आणि मुलांना शिकवता!" मग त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

"आता सेव्ह करा," मी उंदीर त्यांच्या हातात दिला.

त्यांचे बोट सवयीने उजव्या बटणाकडे गेले, तेथे थांबले आणि डाव्या बटणावर आले. "सव्यच," ते म्हणाले. "अजून दोघंही आहोत." त्यांनी तीनदा दाबले.

मी जिना उतरून गल्लीत आलो तेव्हा पांडेजींनी पान लावता लावता वर पाहिले. "का मास्टर साहब, आज कौन नया मंतर हौ?"

वरच्या खिडकीतून खणखणीत आवाज येत होता : "विनायक वसंत, वसंत विनायक, विनायक वसंत."